पाठीमागचा जाळ

न्हामबाईंच्या हातच्या खेकड्याच्या रश्श्याला गल्लीत कुणी नावं ठेवली नव्हती. त्यांच्या जिभेला मात्र सगळेच ठेवत. खाम थिएन रस्त्याच्या मागे, जिथं दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागं सरकावंच लागतं अशा बोळात, गेली बावीस वर्षं त्या पहाटे साडेपाचला हंडा मांडत होत्या. कुटून गाळलेल्या खेकड्यांचा रस्सा, त्यात टोमॅटो, तांदळाच्या शेवया, तळलेल्या टोफूचे तुकडे, आणि हवं असेल त्याला कोळंबीचं ते जांभळट आंबवलेलं वाटण, ज्याच्या वासानं अर्धी गल्ली गजराशिवाय उठायची.

बरोबर सहाला दोआनराव यायचे. रेल्वेतले निवृत्त सिग्नलमन. उंच, काटकुळे, बोलण्यात हिशेबी. खायचे, 'छान' म्हणायचे आणि निघायचे. एकोणीस वर्षं न्हामबाईंची भवानी त्यांच्याच हातून होत होती.

आता भवानीचं महत्त्व हनोईतल्या विकणाऱ्या बाईला कुणी शिकवायला लागत नाही. पहिलं गिऱ्हाईक चांगल्या पायगुणाचं निघालं तर दहाच्या आत हंडा रिकामा. ते भाव विचारून, नाक मुरडून, न घेता गेलं, तर दिवस गेलाच म्हणून समजा. मग उपाय एकच. त्याची पाठ फिरली की कागदाचा बोळा पेटवायचा, हंड्यावरून, स्टुलांवरून, स्वतःच्या पायांभोवतून फिरवायचा आणि पुटपुटायचं, "बरं असेल ते राहू दे, वाईट असेल ते जाऊ दे." तोंडावर मात्र कुणी जाळत नाही. एवढी माणुसकी सगळ्यांना असते.

दोआनराव पहिल्यांदा आले तेव्हा त्यांची बायको जाऊन आठवडाही झाला नव्हता. सुतकातला माणूस भवानीला येणं म्हणजे विकणारीला अपशकुनच. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या दोघींनी त्यांना "अजून चूल पेटली नाही हो" असं सांगून वाटेला लावलं होतं, आणि चुली तर ढणढण पेटलेल्या होत्या. न्हामबाईंनी मात्र वाटी भरून पुढं केली. दुसऱ्या दिवशी दोआनराव पुन्हा आले, आणि येतच राहिले. पुढं न्हामबाईंचा नवराही गेला, मुलगी लग्न होऊन हायफाँगला गेली, पण सहाचे दोआनराव काही चुकले नाहीत. न्हामबाईंना त्या माणसाची सवय झाली होती. सवयीला दुसरं एखादं नाव असतं हे त्यांना कळत होतं, पण ते नाव घ्यायचं म्हणजे या वयात भलताच उद्योग.

तर अशा सगळ्या सुरळीत मामल्यात एका सकाळी डग्लस उगवला.

डग्लस म्हणजे परदेशातला, खाण्यापिण्याचे कार्यक्रम करणारा गोरा. दार अडेल एवढा देह, तांबूस दाढी आणि डोक्यावर ताडपानांची टोकदार टोपी. त्या गल्लीत तशी टोपी घालणारा तोच एकटा. बाकी सगळे हेल्मेटवाले. सोबत दोन कॅमेरेवाले आणि येन नावाची दुभाषी मुलगी. घड्याळात सहाला दहा कमी होते. भवानी व्हायची होती.

डग्लसनं हंड्याचं झाकण उचललं, आत नाक घातलं. टोफूचा तुकडा बोटानं दाबून पाहिला. येनकरवी भाव विचारला. शेवया कशाच्या, खेकडे कुठले, कोळंबी किती दिवसांची, सगळी चौकशी केली. आणि शेवटी छातीवर हात ठेवून सांगितलं की त्याला खेकडा सोसत नाही, अंगावर पित्त उठतं, तेव्हा तो खाणार नाही, फक्त चित्रण करणार. एवढं बोलून स्वारी उजेड बघायला पलीकडच्या भिंतीकडे गेली.

न्हामबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. एवढा मोठा देह, एवढ्या चौकशा, आणि शेवई एक विकली गेली नाही! त्यांनी काल संध्याकाळचं वर्तमानपत्र फाडलं, पेटवलं आणि त्या टोपीच्या पाठीमागं असा काही जाळ फिरवला की शेजारी चहा विकणारी लुआ म्हणाली, "ताई, बेतानं! माझी बाकडी लाकडाची आहेत."

कॅमेरा हे सगळं टिपत होता. नंतर सहाला दोआनराव आले. त्यांचंही चित्रण झालं. चेहरा तसा देखणाच होता, न्हामबाईंनाही ते अमान्य नव्हतं.

दोन महिन्यांनी, थंडी पडायला लागली तेव्हा, लुआ मोबाइल नाचवत आली. "ताई, जगभर पोचलीस तू! बघ, बघ."

न्हामबाई बघायला लागल्या आणि त्यांना आपलीच गल्ली ओळखू येईना. हॉर्न नाही, पालिकेचा भोंगा नाही, समोरच्या घरातलं सकाळी सकाळी सुरू होणारं कराओके नाही. सगळीकडे बासरी. धुकंही होतं, म्हणजे ते न्हामबाईंच्या हंड्याची वाफ होती. डग्लस सांगत होता की हनोईतला सर्वांत रुचकर रस्सा त्याला इथं मिळाला. "चाखला कधी मेल्यानं?" न्हामबाई म्हणाल्या. मग पडद्यावर त्यांचा जाळ आला, आणि खाली अक्षरं आली: 'या प्राचीन नगरीत स्वयंपाक करणारी माऊली निघालेल्या पाहुण्याला अग्नीनं आशीर्वाद देते.'

लुआ हसून हसून बाकड्यावरून खाली आली. "आशीर्वाद! ताई, अगं, त्याला हाकलायला जाळलंस आणि तो आशीर्वाद घेऊन घरी गेला!" गल्ली तो दिवसभर हसत होती. न्हामबाईही हसल्या, आणि हसण्याच्या भरात एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले, सव्वासहा वाजले, दोआनराव आले नाहीत. तापबिप आला असेल म्हणून न्हामबाईंनी आणखी थोडी वाट पाहिली, आणि त्यांच्या जागी भवानीला एक घासाघीस करणारा पाण्याच्या मीटरचा वाचक आला. त्या दिवशी अर्धा हंडा घरी परत गेला. तिसऱ्या दिवशीही दोआनरावांचा पत्ता नाही. चौथ्या दिवशी लुआनं बातमी काढली.

"ते कोपऱ्यावर भाताची पेज खातायत, ताई. नुसती, पांढरी पेज. कुणाशी बोलत नाहीत. पण त्यांच्या शेजारणीला म्हणाले म्हणे, 'इतकी वर्षं माझ्या पाठीमागं जाळत होती आणि मला पत्ता नाही.'"

"मी? त्यांच्या पाठीमागं?"

न्हामबाईंनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, आणि आता त्यांना दिसलं. पडद्यावर आधी दोआनराव येतात, खातात, उठतात, पाठ फिरवून चालू लागतात. आणि लगेच, त्यांच्या त्या काटकुळ्या पाठीमागं, न्हामबाई कागद पेटवतात. त्या वेळी पडद्यावर डग्लस नाहीच! कुठल्या तरी देशात बसून कुणीतरी आधीचं नंतर आणि नंतरचं आधी केलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

परदेशातल्या लोकांना तो आशीर्वाद दिसला. पण त्या जाळाचा अर्थ ज्याला कळतो अशा माणसानं ते पाहिलं, तर त्याला काय वाटेल? लोकांनी दारातून हाकललेल्या माणसाला एकच दार उघडं सापडलं होतं, आणि आता त्याला वाटत होतं की त्या दारामागंही रोज तेच चाललं होतं.

त्याच दुपारी त्या दोआनरावांच्या घरी गेल्या. लोखंडी जाळीचं दार त्यांनी आतून अर्धंच उघडलं.

"दोआनराव, तुम्ही येत नाही हल्ली."

"वय झालं. खेकडा सोसत नाही."

"तो जाळ तुमच्यासाठी नव्हता. त्या गोऱ्यासाठी होता."

"हो, हो. असेलच."

"तुम्ही यायच्या आधी झालं ते सगळं."

"मी कुठं काय म्हणालो, न्हामबाई? चहा घेता?"

आता या माणसाशी भांडायचं तरी कसं? आरोप करील तर खोडून काढता येईल. हा आरोपच करीत नव्हता. चहा विचारत होता. हनोईतल्या जुन्या माणसांचा सभ्यपणा म्हणजे लोखंडी दारापेक्षा भारी कुलूप. न्हामबाई परत आल्या आणि त्या दिवशी लुआला उगाचच तीनदा टाकून बोलल्या.

इकडे गल्लीत वेगळीच गंमत सुरू झाली. परदेशी पाहुणे व्हिडिओ दाखवत यायला लागले. खायचं नाव नाही, आधी आगीकडे बोट. गल्लीचे प्रमुख फानसाहेब, ज्यांचं एरवी काम म्हणजे कचरा वेळेवर टाका असं ओरडणं, त्यांनी 'सांस्कृतिक अग्नी-आशीर्वाद गल्ली' असा लाल फलकच लावून टाकला.

"न्हामबाई, येणाऱ्या प्रत्येकाला एकेक जाळ दाखवा. गल्लीची शान आहे."

"साहेब, चांगल्या गिऱ्हाइकाच्या पाठीमागं जाळू? पाप लागेल मला."

"त्यांना कुठं कळतंय!"

"मला कळतंय ना!"

न्हामबाईंनी ठाम नकार दिला. लुआनं मात्र होकार दिला. ती चहाच्या पेल्याबरोबर जाळ फुकट द्यायला लागली, आणि पंधरा दिवसांत तिच्या बाकड्यांवर बसायला जागा उरली नाही. न्हामबाईंच्या रोजच्या गिऱ्हाइकांना धुराचा कंटाळा आला. पण न्हामबाईंना ना धुराचं दुःख, ना लुआच्या गर्दीचं. रोज सहाला त्यांची मान आपोआप वळणाकडे वळायची, आणि वळणावर कुणी नसायचं.

नव्या वर्षाचा सण बारा दिवसांवर आला त्या सकाळी डग्लस परत येणार अशी वर्दी होती. फानसाहेबांनी सगळ्यांना आंघोळी करून यायला सांगितलं. व्हिडिओत जे जे होते ते ते हवेत, म्हणून ते स्वतः दोआनरावांच्या दारात जाऊन बसले आणि उठेनात. शेवटी दोआनराव इस्त्रीचा शर्ट घालून आले, न्हामबाईंकडे न बघता एका स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा बँकेत नंबर लावून बसलेल्या माणसासारखा होता.

डग्लस हात पसरून आला. येननं सांगितलं, "मावशी, ते म्हणतात, तुमच्या आशीर्वादानंतर त्यांचा कार्यक्रम एकदम चालला. बायकोला जुळी झाली. त्यांना पुन्हा तोच आशीर्वाद हवाय." आणि तो हत्तीएवढा माणूस खरंच गुडघे टेकून हंड्यापुढं बसला, टोपी छातीशी धरून.

फानसाहेबांनी न्हामबाईंच्या हातात वर्तमानपत्र दिलं. कॅमेरा सुरू झाला. न्हामबाईंनी एकदा डग्लसकडे पाहिलं, एकदा दोआनरावांच्या पाठीकडे, आणि वर्तमानपत्र घडी करून खाली ठेवलं.

"पोरी, सांग याला. तो आशीर्वाद नव्हता. हा सकाळी सकाळी आला, झाकण उघडलं, भाव विचारला आणि दमडीचं घेतलं नाही. माझी भवानी बुडवली यानं. यानं आणलेली इडापिडा टळावी म्हणून जाळला मी कागद."

फानसाहेब पांढरेफटक पडले. येननं मोठा श्वास घेतला आणि ती इंग्रजीत मोजकेच शब्द बोलली. डग्लसचे डोळे भरून आले. त्यानं छातीवर हात ठेवला.

"काय सांगितलंस ग?"

"तुम्हाला आणि बाळांना उदंड आयुष्य," येन हळूच म्हणाली. "मावशी, मला पुढच्या महिन्यातही काम हवंय."

बायका तोंडाला पदर, म्हणजे आपापले मफलर लावून खिदळायला लागल्या. दोआनराव मात्र हलले नाहीत. न्हामबाईंना कळलं, त्यांना हेही खरं वाटलेलं नाही. गोऱ्याचं नाव पुढं करून बाई सारवासारव करतेय, असंच वाटत असणार. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं ना! हातच्या काकणाला आरसा कशाला.

"बरं, ते राहू दे," न्हामबाई म्हणाल्या. "एकच प्रश्न विचार याला, आणि जसाच्या तसा विचार, नाहीतर तुझ्या पाठीमागं जाळीन. मी कागद पेटवला तेव्हा हे गृहस्थ इथं होते का?"

येननं विचारलं. डग्लसनं वळून दोआनरावांकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला. तो तावातावानं बोलायला लागला, हात हवेत, बोट स्वतःच्या छातीवर.

"ते म्हणतात," येन सांगू लागली, "छे, छे! हे आजोबा तर नंतर आले. अजून नीट उजाडलंही नव्हतं, इथं दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. तो आशीर्वाद त्यांचा एकट्याचा होता. चित्रफीत जोडणाऱ्यांनी तो आजोबांच्या नावावर टाकला, याचं त्यांना तेव्हापासून वाईट वाटतंय. त्यावरून त्यांचं ऑफिसात भांडणही झालंय. मावशी, ते विचारतात, हा मान त्यांचाच होता हे तुम्ही सगळ्यांदेखत सांगाल का?"

"सांगते की!" न्हामबाई ओरडल्या. "तुझाच होता रे बाबा! सगळाच्या सगळा तुझा! दुसऱ्या कुणाचा त्यात कणभर वाटा नाही!"

डग्लसनं कृतार्थ होऊन न्हामबाईंचे दोन्ही हात धरले. लुआ हसून बाकड्याखाली जायच्या बेतात होती. दोआनराव स्टुलावरून उठले, शर्ट सरळ केला आणि निघून गेले. न्हामबाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. त्यांना रडू कोसळलं, आणि डग्लसच्या कॅमेऱ्यानं तेही टिपलं. आता त्याचा काय अर्थ लावतील कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सहाला दोआनराव आले.

बसले. न्हामबाईंनी वाटी भरली. रस्सा काठावरून सांडला. दोआनरावांनी दोन घास खाल्ले आणि चॉपस्टिक्स आडव्या ठेवल्या.

"न्हामबाई, एक विचारतो. खरं सांगायचं."

"विचारा."

"बायको गेली त्या आठवड्यात मी पहिल्यांदा आलो. त्या दिवशी जाळला होतात?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. काल सगळ्या गल्लीदेखत साक्षीपुरावा झाला होता. आज न्हामबाईंच्या शब्दाला सोन्याची किंमत होती. त्यांनी पळी हंड्यात सोडली.

"जाळला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही वळणापलीकडे गेलात आणि पेटवला. मुलगी लहान होती, धंदा नवा होता, घाबरले मी. तो एकच दिवस. रात्रभर मला स्वतःची लाज वाटली. त्यानंतर कधीच नाही, दोआनराव. वाटलं तर आजपासून पुन्हा पेज खा."

दोआनरावांनी चॉपस्टिक्स पुन्हा उचलल्या.

"माहीत होतं मला," ते म्हणाले. "मी वळणावरून मागं पाहिलं होतं."

"अहो, मग दुसऱ्या दिवशी आलात कशाला?"

"पुन्हा जाळताय का ते बघायला. नाही जाळलात. तिसऱ्या दिवशीही मागं बघितलं. महिनाभर रोज वळणावर थांबून बघायचो. मग म्हटलं, झालं, आता बघायचं नाही. या बाईवर विसंबायचं. तो व्हिडिओ पाहिला तेव्हा वाटलं, मी बघायचं सोडलं आणि हिनं पुन्हा सुरू केलं."

न्हामबाईंनी हंड्यातली पळी काढून बाजूला ठेवली. लुआनंसुद्धा चहाची किटली खाली ठेवली.

"बारा दिवसांनी नवं वर्ष," न्हामबाई म्हणाल्या. "अकराच राहिले आता. पहिल्या दिवशी माझ्या घरात पहिलं पाऊल तुमचं पडू दे."

"वेड लागलंय का तुम्हाला?" दोआनराव एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. "वर्षाचं पहिलं पाऊल! त्याला भरल्या घरचा माणूस बोलावतात, बायकोमुलांतला. विधुराला कुणी बोलावतं? वर्षभराचं नशीब असतं ते तुमचं."

"माझं आहे ना? मग मी बघीन."

"लोक काय म्हणतील?"

"लोक काहीही म्हणतात. जगभर मला माऊली म्हणतायत, पाहिलंत ना? तुम्ही या."

दोआनरावांनी कान लाल होईपर्यंत विचार केला. "आलो तर घटकाभर टेकीन. लगेच निघेन मग."

"निघता कशाला?" न्हामबाई म्हणाल्या. वाटीत नजर घालून म्हणाल्या, पण स्पष्ट म्हणाल्या. "निघालात की पाठीमागं काय चाललंय याचा घोर. न जाऊन बघा एकदा."

साडेसहा वाजले, सात वाजले. पुढची गिऱ्हाइकं उभ्याउभ्या खाऊन गेली. दोआनराव बसूनच होते.